आठ दिवसांत सांगायचं

मलकापुरात हायवेच्या कडेला माझं वजनकाट्यांचं दुकान आहे. नवे काटे विकतो, जुने दुरुस्त करतो, दरसाल सरकारी शिक्का मारून आणून देतो. सुरुवात सायकलवर केली. मागं कॅरियरला हत्यारांची पेटी, पुढं हँडलला वजनांची पिशवी. उंब्रजपासून खाली-वर जेवढी किराणा दुकानं होती, तेवढ्यांचे तराजू मी फळीवर बसून नीट केलेत. माझ्या पाठीशी कोणी नव्हतं. म्हणून फसवलेलं मला खपत नाही आणि सांगितलेल्या भावावरून मी सहसा खाली येत नाही. तापट माणूस आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

दोन उन्हाळ्यांमागं सांगलीच्या एक डॉक्टरबाई दुकानात आल्या. तान्ह्या बाळांचे काटे हवे होते आणि लहान मुलांना झोपवून उंची मोजायच्या लाकडी फळ्या. एकसारख्या, एकाच मापाच्या, आणि एक-दोन नाही, चांगल्या डझनावारी. मी भाव सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. मी म्हटलं, "बाई, ही मेथीची जुडी न्हाई." त्या म्हणाल्या, "आणि मीही एका दिवसाची गिऱ्हाईक नाही. हे काटे पंधरा वर्षं चालले पाहिजेत. दरवर्षी तुम्हीच तपासायचे."

पंधरा वर्षं कशाला, म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. कऱ्हाड, पाटण आणि सांगलीकडच्या काही गावांतल्या गरोदर बायांची नावं घ्यायची. मूल पोटात असल्यापासून ते दहावीला बसेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं. वजन, उंची, रक्त, डोळे, कान, बोलायला कधी लागलं, चालायला कधी लागलं, काय खातं, किती झोपतं. तीच मुलं, पुन्हा पुन्हा. अजून सुरुवात नव्हती, आखणी चालू होती.

कान म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं.

"म्हणजे परत मापून नेणार आणि गप बसणार," मी म्हणालो. "न्हाई देत काटे. जावा."

त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "परत म्हणजे? आधी कोणी मापून नेलं?"

गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात एक कागद ठेवलेला असतो, तो मी त्यांच्यापुढं टाकला. माझी मुलगी चौथीत असताना शाळेत तपासणीची गाडी आली होती. सगळ्या पोरांचे दात, डोळे, कान बघितले, कार्डं भरली आणि गाडी निघून गेली. आम्हाला कोणी काही बोललं नाही. पुढं शाळेतल्या बाईंची तक्रार, पोरगी वर्गात लक्ष देत नाही. घरात तेच, हाक मारली तर ओ देत नाही. एकदा दुकानात दोन हाका मारूनही वळली नाही, म्हणून गिऱ्हाइकांसमोर तिच्या थोबाडीत मारली. सातवीत गेल्यावर कऱ्हाडच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही, थोडं आधी आला असता तर काही करता आलं असतं. मी शाळेत जाऊन भांडलो. शिपायानं माळ्यावरचा गठ्ठा काढला. त्यात चौथीतलं कार्ड निघालं, त्यावर निळ्या शाईनं स्वच्छ लिहिलेलं: डाव्या कानाला कमी ऐकू येते, पुढील तपासणी करावी. तीन वर्षं ते कार्ड दोरी बांधून माळ्यावर पडलेलं. त्याचीच झेरॉक्स माझ्या कप्प्यात असते. जो येईल त्याला मी ती दाखवतो.

डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "हे आमच्या बैठकीत येऊन सांगाल?"

"मी काटेवाला. मला कोण इचारतंय?"

"मी विचारतेय. काट्यांचा भावही तिथंच ठरवू."

बाई माझ्यापेक्षा पक्क्या होत्या हे मला तेव्हा कळलं नाही.

बैठक सांगलीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. आठ-दहा डॉक्टर, काही नर्स, आमच्या भागातले दोन-तीन शेतकरी, आणि बाहेरगावाहून आलेले एक तरुण साहेब. आकडेवारीचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी पडद्यावर गावांचे नकाशे दाखवले. प्रत्येक गावात घरोघर जाऊन गरोदर बाईचं नाव घ्यायचं, मग त्याच घरात ठरलेल्या महिन्यांनी बाळ मोजायला जायचं. पहिल्या तीन महिन्यांत तर चार वेळा. साहेब फार हुशार, भराभर बोलत होते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं राहवेना.

"साहेब, एक इचारू? पहिलं बाळंतपण सासरी कोण करतं?"

साहेब थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे पोरगी सातव्यात माहेरी जाती. बाळ तीन महिन्यांचं झाल्याबिगर परत येत न्हाई. तुमची नर्स काटा घिऊन त्या घरात चार येळा जाणार, आणि चारी येळा तिला सासूच मोजून आणावी लागणार."

हॉल हसला. शेजारी बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "आणि फौजीची बायकू आसंल तर पोरगं वर्षाचं झालं की ती चालली क्वार्टरला. कवा आसामात, कवा राजस्थानात. मग तिकडं काटा न्यायचा का?"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "मी स्वतः पहिल्या वेळी पाच महिने मिरजेला माहेरी होते," त्या म्हणाल्या, "आणि महिनाभर हा नकाशा बघतेय." सगळं फिरवावं लागलं. नाव घराचं नाही, बाईचं घ्यायचं. सासरचा पत्ता, माहेरचा पत्ता, दोन्हीकडचे फोन. माहेरी आलेल्या लेकींचीही नोंद करायची. मी एवढ्यावर थांबलो नाही. बाळाच्या पायांत चांदीचे वाळे असतात, कमरेला करदोडा असतो, आणि कुठलीच आजी तो काढू देणार नाही. मग तसलेच वाळे आणि करदोडा वेगळे तोलून ठेवायचे आणि तेवढं वजन वजा करायचं, किराणा दुकानात रिकाम्या डब्याचा धडा करतात तसं. साहेब हे सगळं लिहून घेत होते. त्यांचं मला बरं वाटलं. अगदी वाईट माणूस नव्हता.

मग मी कागद काढला आणि मूळ गोष्टीला हात घातला. जे सापडेल ते घरच्यांना सांगायचं.

साहेब म्हणाले, "मोठा आजार दिसला तर सांगूच. पण प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगितली की लोक लगेच उपचार करतील. मग मुलं आपोआप कशी वाढतात हे आम्हाला कळणार कसं?"

मी उभा राहिलो. "म्हंजी माझी पोरगी बहिरी राहिली तरच तुमचा आकडा बरोबर?"

आवाज जरा जास्तच चढला होता. म्हाताऱ्यांनी माझं धोतर धरलं असतं, पण मी पँट घालतो. त्यांनी शर्टाचं टोक धरलं आणि म्हणाले, "बस गड्या, बस."

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "नाही, तसं नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांगायचं की नाही हा प्रश्नच नाही, सांगायचंच. किती दिवसांत आणि कसं, एवढंच ठरवू. आमच्याकडं सगळे कागद एकत्र होऊन तपासायला तीन महिने लागतात."

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"अशक्य. दीड महिना."

"चार दिवस."

"एक महिना."

म्हातारे म्हणाले, "आवं, रुमाल टाका की दोघं, बोटं धरून उरकून टाका." पूर्वी गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, ती त्यांची चेष्टा. शेवटी आठ दिवसांवर आलो. आठ दिवसांच्या आत, लेखी, मराठीत, आईच्या हातात. एक प्रत घरात राहणार. पुढं कुठं दाखवायला जायचं तेही त्यावर लिहायचं. मी म्हटलं हे आत्ता लिहा, आणि त्यांनी लिहिलं. आयुष्यात केलेल्या सगळ्या सौद्यांत एवढं समाधान मला कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता माझी अट. आम्ही आठ दिवसांत सांगू. मग आम्ही विचारू तेव्हा घरानंही खरं सांगायचं. लपवायचं नाही. एकाच बाजूचा सौदा होत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे."

"आमच्याकडं लपवायला काय असतंय?" मी ऐटीत म्हणालो. "पहिली चाचणी माझ्याच घरात घ्या. पोरगी पुढच्या महिन्यात माहेरी येणार हाय."

हॉलच्या पायऱ्या उतरताना मी अर्ध्यावरच थांबलो. मी काय बोलून बसलो होतो ते तेव्हा ध्यानात आलं.

मुलीचं सासर फलटणकडं. चांगलं घर, उसाची जमीन, जावई सैन्यात. लग्न ठरताना मी तिच्या कानाचं काही सांगितलं नव्हतं. बायको म्हणत होती, "सांगूया की. आज ना उद्या कळंलच." मी तिच्यावर ओरडलो, "जमलेलं मोडायचं हाय का तुला?" मी जुना काटा विकतो तेव्हा त्यात किती फरक पडतो ते आधी सांगतो आणि मग पैसे घेतो. त्यावरच धंदा उभा केला. आणि मुलीच्या वेळी मी गप्प बसलो. तीन वर्षं फलटणहून फोन आला की मी आधी बायकोला उचलायला लावायचो. सणाला विहीण घरी आल्या की मी मुलीच्या डावीकडं उभा राहायचो, म्हणजे त्या बाजूनं कोणी तिला हाक मारायला नको. जावयाच्या घरात कधी भांडण झालं तर पहिली गोष्ट हीच निघेल, फसवून गळ्यात बांधली, असं मला वाटायचं.

मुलगी सातव्या महिन्यात आली. डोहाळजेवणाला विहीण फलटणहून आल्या, हिरवी साडी, ओटीचं सामान आणि पाटीभर डाळिंबं घेऊन. उंच, काटक बाई. नवरा लवकर गेला, शेती त्यांनीच सांभाळली. कार्यक्रम झाल्यावर त्याच दिवशी परत जातील असा माझा हिशेब होता. पण मुलीनं आग्रह केला आणि त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई प्रश्नावलीच्या चाचणीला येणार होत्या.

मी पहाटेच फोन लावला. "बाई, आज नको. घरात पाव्हणं हायत."

"पाहुणे असतील तर फारच चांगलं. खऱ्या घरात पाहुणे असतातच. तुम्हीच म्हणालात, पहिली चाचणी माझ्या घरात."

स्वतःचाच शब्द. मग मी विहिणींना म्हटलं, "आवं, नदीवरचं देऊळ बघून येता का? गाडी देतो."

"काल आल्यापास्नं चारदा देवळाचं सांगताय पाव्हणं," त्या म्हणाल्या. "देव काय पळून चाललाय व्हय? बसते की मी सुनंजवळ." आणि डाळिंब सोलत तिच्याजवळ बसल्या.

डॉक्टरबाई आल्या, सोबत उंब्रजची एक नर्स. प्रश्न नर्सनं विचारायचे होते. बाई बाजूला घड्याळ घेऊन बसल्या, किती वेळ लागतो आणि कुठं अडतं ते बघायला. गोळ्या घेता का, पाणी कुठलं, दुपारी झोपता का. मुलगी हसत उत्तरं देत होती. मी दारात उभा होतो. कागदांची चळत मला दिसत होती आणि एकेक पान उलटेल तशी उरलेली पानं मी मोजत होतो.

नर्सनं वाचलं, "तुमच्या किंवा तुमच्या मिस्टरांच्या घरात कोणाला लहानपणापासून ऐकायला कमी येतं का?"

"न्हाई," मी दारातून म्हणालो. "आमच्यात सगळ्यांचे कान खणखणीत हायत. फुडं चला."

नर्सनं पेन टेकवलं. डॉक्टरबाईंनी घड्याळ खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. माझी झेरॉक्स त्यांनी वाचलेली होती.

"दादा," मुलगी म्हणाली, "तुम्ही थांबा." मग नर्सकडं वळून, "मला येतं. डावा कान. लहानपणापासून."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, तिच्या हातात तशीच कणीक. मी विहिणींकडं बघू शकलो नाही. त्यांच्या हातातल्या डाळिंबाकडं बघत राहिलो. त्यांचा अंगठा दाणे सोडवत होता, तो थांबला नाही.

"लिवा," त्या नर्सला म्हणाल्या. "आणि उजवा लय चांगला हाय तेबी लिवा. गोठ्यातनं मी पुटपुटलेलं हिला माजघरात ऐकू जातं."

मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "आवं पाव्हणं, असं भुतावाणी काय उभं राहिलाय? मला लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं. डावीकडनं हाक मारली की पोरगी बघत न्हाई. तवापास्नं मी हिच्या उजव्या अंगाला बसते. आत्ताबी बगा."

बघितलं. त्या उजवीकडं बसल्या होत्या. आदल्या दिवशी डोहाळजेवणात, त्याआधी दिवाळीत, प्रत्येक वेळी त्या उजवीकडंच बसायच्या. मी तीन वर्षं डावीकडं पहारा देत होतो आणि माझ्या नजरेला ते पडलं नव्हतं.

"आणि जावई?" मी विचारलं.

मुलगी म्हणाली, "त्यांना मी साखरपुड्यानंतर फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, बंदुकीच्या आवाजानं आमच्यातल्या निम्म्यांचे कान गेलेत, आपलं जमेल."

"सगळ्यांना ठावं हाय," विहीण म्हणाल्या. "आमाला ठावं हाय हे तुमालाच तेवढं ठावं नव्हतं."

मी दारातच खाली बसलो. बायको हसायला लागली, कणकेच्या हातानं तोंड झाकून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं हलकं मला कधी वाटलं होतं ते आठवत नाही. बहुतेक सायकल विकून पहिल्यांदा दुकानाचं शटर उघडलं त्या दिवशी.

डॉक्टरबाई मात्र गंभीर होत्या. म्हणाल्या, "चूक आमची झाली. हा भाग सासरच्या माणसांसमोर विचारायला नको होता. इथं निभावलं, सगळ्या घरांत निभावणार नाही." त्यांनी त्या पानावर लाल पेनानं लिहिलं, हे प्रश्न बाईला एकटीला विचारावेत.

विहिणींना ते पटलं नाही. "का? सासू काय वाघ हाय?"

"तुम्ही नाही हो. पण सगळ्या तुमच्यासारख्या नसतात."

"ते बाकी खरं," त्या म्हणाल्या आणि मूठभर दाणे डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवले.

जाताना बाईंनी अंगणात मला गाठलं. बाळ झालं की पहिल्या महिन्यातच त्याचे कान तपासू, म्हणाल्या, आणि आठ दिवस लावणार नाही, तिथंच सांगू. मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "आता काट्यांचा भाव?" मी त्यांनी पहिल्या दिवशी सांगितला होता तोच कबूल केला. नंतर वाईट वाटलं, पण शब्द गेला होता.

दुपारी विहिणींना एस.टी.ला सोडायला मी स्वतः गेलो. माझ्या गाडीत बसल्यावर त्यांना म्हटलं, "लग्नात सांगितलं न्हाई. राग आला असंल."

"आला की. लय आला." त्या रस्त्याकडं बघत होत्या. "पण तो तुमच्यावर. तिच्यावर का काढू? मला वाटलं, माणूस कवातरी आपणहून सांगंल. सणाला आलं की वाट बघायची. तुमी आपलं ऊस, पाऊस, देऊळ."

मी त्यांची पिशवी एस.टी.त चढवून दिली आणि परत फिरलो. माझ्या कप्प्यात ती झेरॉक्स आहे. ती मी फाडलेली नाही, फाडणारही नाही. त्या तपासणीवाल्यांवरचा माझा राग आहे तसाच आहे. पण हल्ली ती कोणाला दाखवायला काढताना विहिणींचं वाट बघणं मला आठवतं, आणि मी जरा कमी बोलतो.

घरी आलो तेव्हा मुलगी पडवीत खुर्चीवर बसली होती, उरलेली डाळिंबं मांडीवर घेऊन. मी फाटकातूनच हाक मारणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग तिच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेलो, पायरीवर बसलो आणि विचारलं, "चहा घेणार का?"

ती दचकली. माझ्याकडं निरखून बघितलं, मग माझ्या कपाळाला हात लावला.

"दादा," ती म्हणाली, "बरं नाही का तुम्हाला? एवढं हळू का बोलताय?"